पाळत जनतेवर, मोकळीक दंडेलीला

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेने विरोधकांच्या सभात्यागानंतर त्यावर शिक्कामोर्तब केले. जनता आता सुरक्षित झाली, अशी ग्वाही सरकारने दिली. ती ग्वाही हवेत विरते न विरते तोच, १३ जुलैला, अक्कलकोटमध्ये सत्कारासाठी आलेल्या संभाजी ब्रिगेडच्या प्रवीण गायकवाड यांच्या अंगावर भररस्त्यात काळे ओतण्यात आले आणि त्यांना मारहाण झाली. संघटनेच्या नावात संभाजी महाराजांचा उल्लेख एकेरी होतो, हे निमित्त पुढे करण्यात आले. शिवधर्म फाउंडेशन या संघटनेच्या लोकांवर त्याबद्दल गुन्हा दाखल झाला. हल्ला लपूनछपून झालेला नव्हता. दिवसाढवळ्या, शेकडो लोकांच्या देखत, भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांसमोर तो झाला आणि संध्याकाळपर्यंत त्याची चित्रे राज्यभर पोहोचली.

या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. ज्या कायद्याने जनतेची सुरक्षा साधायची, त्याचा रोख विधेयकाच्या भाषेतच ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या’ संघटनांकडे आहे. कडव्या उजव्या विचारसरणीचे नाव त्यात औषधालाही सापडत नाही. विचार करणाऱ्यांवर कायदा रोखायचा आणि शाई ओतणाऱ्यांना किरकोळ कलमांच्या स्वाधीन करायचे, हा या राज्याचा सुरक्षेविषयीचा विवेक!

सरकारपक्षाचे पंडित यावर म्हणतील की अक्कलकोटची घटना हा साधा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे, त्याला प्रचलित फौजदारी कायदा पुरेसा आहे. हे म्हणणे तंतोतंत खरे आहे, आणि म्हणूनच ते सरकारच्या अंगलट येणारे आहे. मारहाण, धमकी, जाळपोळ, खून, शस्त्रे बाळगणे, कट करणे या साऱ्यांना प्रचलित कायदा पुरेसा आहे. त्यापलीकडे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ पासून आहे आणि तो वारंवार कडक होत आला आहे. मग जे कृत्य या कशातच बसत नाही, असे कोणते कृत्य नव्या कायद्याला पकडायचे आहे? उत्तर विधेयकाच्या व्याख्येत आहे. कायद्याची अवज्ञा करणे किंवा तशा अवज्ञेचा प्रचार करणे, प्रशासनात अडथळा आणणे, इतकेच ‘बेकायदेशीर कृत्य’ ठरण्यास पुरे. गांधींचा मिठाचा सत्याग्रह या व्याख्येत बसतो, आणि तहसील कचेरीसमोर बसलेला शेतमजुरांचा ठिय्याही. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. व्याख्येचा गाभा मात्र तसाच राहिला. विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. इतर विरोधी पक्षांना त्या दिवशी वाचा फुटली नाही, याची नोंद इतिहासात राहील.

परंतु या कायद्याचा खरा दात त्याच्या कलमांत जितका आहे, त्याहून अधिक तो प्रत्येकाच्या खिशात आहे. मूळ मसुद्यात बंदी घातलेल्या संघटनेच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत, सभासद नसताना मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि प्रत्यक्ष कृत्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. आता सभासदत्व सिद्ध कसे करायचे? पूर्वी त्यासाठी सभासदांची नोंदवही लागे, पावतीपुस्तक लागे, साक्षीदार लागे. आज एक फोन पुरतो. कोणत्या गटात नाव आहे, कोणाला शंभर रुपये पाठवले, कोणत्या संध्याकाळी कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात फोन होता, कोणाची ध्वनिफीत पुढे पाठवली, या सगळ्याची नोंद त्या यंत्रात असते. संघटनेला गुन्हा ठरवणारा कायदा आणि माणसाचे सारे संबंध नोंदवणारे यंत्र, या दोहोंची सांगड पडली की पोलिसांना गुन्हा शोधावा लागत नाही. माणूस निवडला की पुरे. गुन्हा त्याच्या फोनमधून काढता येतो.

ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही, कारण महाराष्ट्राने हा प्रयोग पाहिला आहे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. तिच्या आयोजनात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्यासारखे निवृत्त न्यायाधीश होते. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. जून आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वकील, प्राध्यापक, कवी आणि कार्यकर्ते यांना अटक झाली, आणि खटल्याचा मोठा आधार ठरला तो जप्त केलेल्या संगणकांतील पत्रांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने अहवाल दिला की आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात दूरवरून घुसखोरी झाली होती, ती बावीस महिन्यांहून अधिक काळ चालली आणि आरोपाचा आधार असलेली पत्रे त्याच मार्गाने एका लपवलेल्या कप्प्यात ठेवली गेली. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. खरेखोटे न्यायालयात ठरायचे ते ठरेल. परंतु ते ठरण्याआधी वर्षानुवर्षे माणसे कोठडीत राहिली. कंपवाताने ज्यांचा हात पेला धरू शकत नव्हता, ते फादर स्टॅन स्वामी वयाच्या ८४ व्या वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत मुंबईच्या रुग्णालयात कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. ज्या संगणकाबद्दल इतका गंभीर संशय उभा राहू शकतो, त्या संगणकावर माणसाचे आयुष्य तोलायचे असेल, तर जप्तीच्या क्षणीच त्यातील मजकुराची मोहोरबंद प्रत आरोपीच्या हाती पडली पाहिजे. एवढी साधी काळजीही जेथे बंधनकारक समजली जात नाही, तेथे पुरावा आणि बनाव यांतील भिंत कागदाची असते.

त्याच २०२१ च्या जुलैमध्ये पेगासस प्रकरण उघडकीस आले. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे हे हेरगिरीचे साधन. कंपनीच्या म्हणण्यानुसार ती ते केवळ सरकारांना विकते. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, ती पेगाससच आहे असे निश्चित म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. ‘हे साधन तुम्ही विकत घेतले की नाही?’ या प्रश्नाला निवडून आलेले सरकार आपल्याच सर्वोच्च न्यायालयाला सरळ उत्तर देत नाही, आणि सबब एकच: राष्ट्रीय सुरक्षा. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने व्हॉट्सॲपच्या दाव्यात एनएसओला जबाबदार धरले. परदेशी कंपनीला तिच्या ग्राहकांसाठी न्याय मिळाला. भारतीय नागरिकाला साधे उत्तरही मिळाले नाही.

असे असले तरी हे सारे पाप आजच्याच राज्यकर्त्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. फोन ऐकण्याचा अधिकार ज्या कायद्यातून आला, तो टेलिग्राफ कायदा १८८५ चा, पत्रे फोडण्याचा अधिकार देणारा टपाल कायदा १८९८ चा. परकीय सत्तेने गुलामांवर नजर ठेवण्यासाठी केलेली ही हत्यारे स्वतंत्र भारताने जपून वापरली. आणीबाणीत मधु लिमये, मृणाल गोरे तुरुंगात गेले, तेव्हा कोणाची पत्रे कोण वाचत होते हे वेगळे सांगायला नको. १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने टपाल दुरुस्ती विधेयक संसदेतून संमत करून घेतले. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसेच पडून राहिले. १९९१ मध्ये हरियाणाचे दोन पोलीस राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर पाळतीवर उभे होते, या कारणावरून काँग्रेसने चंद्रशेखरांचे सरकार पाडले. दोन शिपायांची पाळत ज्या पक्षाला सरकार पाडण्याइतकी असह्य झाली, त्याच पक्षाच्या राजवटीत डिसेंबर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याची दुरुस्ती लोकसभेत गदारोळात, चर्चेविना संमत झाली आणि प्रत्येक संगणकात डोकावण्याचे दार सरकारला उघडले गेले.

समाजवादी आणि जनता परिवारानेही आपला आरसा झाकून ठेवू नये. अक्कलकोटहून वागदरीच्या पुढे गेले की कर्नाटक लागते. त्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांच्यासारख्या मूल्यांचे राजकारण सांगणाऱ्या जनता पक्षाच्या मुख्यमंत्र्याला १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या आरोपावरून राजीनामा द्यावा लागला. तेव्हा प्रश्न माणसे चांगली की वाईट, हा नाही. ज्या अधिकाराला कोणी जाब विचारू शकत नाही, तो अधिकार चांगल्या माणसाच्या हातीही सडतो.

जाब विचारण्याची व्यवस्था आहे असे सांगितले जाते. ती कशी आहे ते पाहावे. जयप्रकाशांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये उभ्या राहिलेल्या संघटनेतून आकाराला आलेल्या पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. फोन ऐकणे हा खाजगी जीवनावरील गंभीर आघात आहे, असे मान्य करून न्यायालयाने गृहसचिवाचा आदेश आणि आढावा समिती यांची सक्ती केली. परंतु न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र आवश्यक केली नाही. परिणामी आदेश देणारा सचिव, आढावा घेणारे सचिव आणि ऐकणारे पोलीस हे सारे एकाच सरकारचे चाकर. मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला ज्यांचे नाव परिचित आहे, त्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये लिहून ठेवले की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीस १५ ते १८ हजार आदेश येतात. एका बैठकीत अठरा हजार आदेश! एवढ्या आदेशांवर नुसत्या सह्या करायच्या म्हटल्या तरी बोटे दुखतील. त्यांचा विचार कोण करणार?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी निकालात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे एकमुखाने सांगितले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात लाचेच्या तपासासाठी फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि जमवलेले संभाषण नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचा संबंध नसताना फोन ऐकता येत नाही, हे त्या निकालाचे सार. न्यायालये असे बोलत असताना सरकारने काय केले? डिसेंबर २०१८ मध्ये दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती अडवण्याचा, पाहण्याचा अधिकार देणारा आदेश काढला. डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरावर विरोधी खासदार निलंबित असताना, नवा दूरसंचार कायदा संमत करून १८८५ चा तोच अधिकार नव्या बाटलीत भरला. झैलसिंगांनी अडवलेला टपाल फोडण्याचा अधिकारही त्याच हिवाळ्यात नव्या टपाल कायद्यात बिनबोभाट आला. आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा म्हणून जो २०२३ चा कायदा झाला, त्यात सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला संपूर्ण सूट देऊ शकते. वर, त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. नागरिकाचे घर काचेचे आणि सरकारची कचेरी पोलादी पडद्याआड, असा हा खाजगीपणाचा उलटा न्याय आहे.

‘ज्याने काही केले नाही त्याला भय कसले?’ हा प्रश्न सत्तेच्या प्रत्येक समर्थकाच्या तोंडी असतो. सोलापूर जिल्ह्यात तरी हा प्रश्न विचारण्यापूर्वी चार वेळा थांबावे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, तेव्हा गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्यांनी काय केले होते, हे सत्तेने ठरवले होते. याच सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी यांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये डांबले जाई. कायद्याने त्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि हजेरी देण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते कुंपण कायद्याने मोडले. संशयाचे कुंपण आजही उभे आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळे व शरीराचे नमुने घेण्याची आणि ही नोंद ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांच्या तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली. ज्या दप्तरात पारध्याचे पोर आधीच संशयित म्हणून लिहिलेले आहे, ते दप्तर यंत्राला शिकवले तर यंत्र काय शिकेल? हवालदाराचा पूर्वग्रह निदान वाद घालण्याजोगा होता. यंत्राच्या पूर्वग्रहाला विज्ञानाचा शिक्का मिळतो.

शिवाय पाळत सर्वांवर सारखी नसते. धनिकाला वकील आहे, दुसरा फोन आहे, परदेशात खाते आहे. दुधनीच्या बाजारात पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला, गळिताच्या हंगामात फडावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला, विडी वळणाऱ्या बाईला अंगठा दिल्यावाचून रेशन नाही, आधारवाचून मदत नाही. रोजगार हमीच्या कामावरही २०२३ पासून हजेरी फोनवरील छायाचित्राने नोंदली जाऊ लागली. गरिबाने पोटासाठी दिलेली ही माहिती उद्या सुरक्षेच्या नावाने पोलिसांच्या टेबलावर गेली, तर तिला अडवणारी भिंत कोठे आहे? आणि सीमेवरच्या या तालुक्यात, जेथे घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलली जाते, जेथे सोयरिका आळंद-कलबुर्गीपर्यंत पसरलेल्या आहेत, तेथे दोन राज्यांच्या पोलिसांच्या नोंदींत सापडणे किती सोपे आहे, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही.

राष्ट्राची सुरक्षा खोटी आहे, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. पण त्या रात्रीचा धडाही नीट वाचला पाहिजे. हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार यांचे संभाषण यंत्रणांनी ऐकले, आणि ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहिले. ते ऐकणे ठरावीक माणसांचे, ठरावीक कारणाने होते. अशा ऐकण्याला लोकशाहीत जागा आहे आणि असलीच पाहिजे. हल्ला मात्र टळला नाही. राम प्रधान समितीने दोष दाखवला तो आलेल्या इशाऱ्यांच्या हाताळणीतील आणि पोलीस दलाच्या सज्जतेतील उणिवांचा. कोट्यवधी निरपराधांच्या संभाषणांचा ढीग रचल्याने त्या उणिवा भरून निघत नाहीत. गवताची गंजी वाढवली म्हणून हरवलेली सुई लवकर सापडत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. फोन वा संगणक पाहण्यापूर्वी न्यायाधीशाचा लेखी आदेश हवा. अगदी निकडीच्या प्रसंगी तो ठरावीक तासांच्या आत मिळवलाच पाहिजे. तपास संपल्यावर, ज्याच्यावर पाळत होती त्या माणसाला तसे कळवले जावे. किती आदेश निघाले, किती नाकारले गेले, किती खटल्यांत उपयोगी पडले, याचे आकडे दरवर्षी विधिमंडळापुढे व संसदेपुढे यावेत. गुप्तचर यंत्रणा कायद्याने स्थापन व्हाव्यात आणि लोकप्रतिनिधींच्या समितीला उत्तरदायी असाव्यात. जप्त केलेल्या उपकरणाची मोहोरबंद प्रत जागीच आरोपीला मिळावी. आणि जनसुरक्षेच्या नावाने विचारांवर बंदी घालणारा महाराष्ट्राचा कायदा रद्द व्हावा.

हे मागून मिळणार नाही, हे खरे. पण लोक उठले की सरकार मागे सरते, याचा दाखलाही ताजा आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ही सरकारी प्रणाली आधीच घालण्याचा हुकूम काढला. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घ्यावा लागला. चार दिवसांची ओरड जर एवढे करू शकते, तर गावोगावच्या संघटित चळवळीने काय होणार नाही?

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात या कामाला हात घालावा. हमालांच्या, अंगणवाडी सेविकांच्या, विडी कामगारांच्या बैठकीत रेशन आणि मजुरीबरोबर हा प्रश्नही मांडावा. पोलिसाने फोन मागितला तर लेखी नोंद आणि पंचनामा मागण्याचे धैर्य माणसांत यावे, यासाठी तालुक्याच्या गावी वकिलांचा सल्ला मिळेल अशी सोय उभी करावी. विडी कामगार बाई कोणाशी काय बोलली, हा सरकारचा विषय नाही. अक्कलकोटच्या रस्त्यावर भरदिवसा एका कार्यकर्त्यावर हात उगारला गेला, हा सरकारचा विषय आहे. ज्या दिवशी सरकार पहिल्या गोष्टीकडे कान लावणे सोडून दुसरीकडे डोळे उघडील, त्या दिवशी जनसुरक्षा या शब्दाला अर्थ येईल. तोवर तो अर्थ रस्त्यावर उतरून मागणे, हेच लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांचे कर्तव्य आहे.